सोमवारी दमा येत नाही

लग्नाच्या चौथ्या वर्षी माझ्या तब्येतीबद्दल घरात तीन मतं होती. डॉक्टरांच्या मते मला दमा होता, सासूबाईंच्या मते कुणाची तरी नजर लागली होती, आणि नवऱ्याच्या मते मी फार बोलत होते. पहिलं मत खरं निघालं, दुसरं कधी सिद्ध झालं नाही, आणि तिसऱ्याबद्दल मी आजही काही कबूल करणार नाही.

अंधेरीला, स्टेशनच्या पूर्वेला आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. पुढे अरुंद गॅलरी, मागे म्हशींचा तबेला आणि तबेल्याच्या पलीकडे भाताची खाचरं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी जवळच्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. शाळा अकरा ते पाच. नवरा मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात कारकुनी करायचा, साडेआठला बाहेर पडायचा तो संध्याकाळी सात-सव्वासातला परत. सासूबाई वेंगुर्ल्याकडच्या. सासरे गेल्यावर काही वर्षं त्या नाशिकला थोरल्या मुलाकडे होत्या आणि मग आमच्याकडे आल्या. एरवी त्या आमच्यासारखंच बोलायच्या, पण रागावल्या किंवा माया दाटून आली की थेट मालवणीत शिरायच्या. त्यामुळे त्या मालवणीत बोलू लागल्या की ऐकणाऱ्याने सावध राहायचं, इतकं मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

माझं दुखणं नाकापासून सुरू झालं. एका श्रावणात सर्दी झाली ती गेलीच नाही. नाक सदा चोंदलेलं, तोंड उघडं टाकून झोपायचं आणि सकाळी घसा कोरडा ठणठणीत. मग वास येईनासा झाला. वर्सोव्याहून येणारी कोळीण दारात टोपली उतरवायची, सासूबाई बांगडे तळायला घ्यायच्या आणि मी शेजारी बसून वह्या तपासत असायचे.

"काय गो, बांगडे तळतंय, तुका वास येणा नाय?" त्या विचारायच्या.

"नाही येत."

हे त्यांना मनाला लागायचं. नाकापेक्षा त्यांना बांगड्याचा अपमान जास्त वाटत असावा.

नाकापाठोपाठ डोकं दुखू लागलं. कपाळ आणि डोळ्यांच्या मागची जागा ठणकायची, तीही शाळा सुटायच्या सुमाराला. आमच्या शिक्षिकांच्या खोलीत कुणा ना कुणाच्या पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्या असायच्याच. वाण्याकडे सुट्या मिळायच्या. मॅट्रिकच्या परीक्षेपासून मीही त्या घेत आले होते. आठवड्यातून दोनदा-तीनदा, घरी आल्यावर चहाबरोबर एक गोळी. चॉकलेट खाल्ल्याची जशी कुणी नोंद ठेवत नाही तशी त्या गोळीची मी कधी ठेवली नाही.

आणि मग दमा आला. आधी जिना चढताना छातीत घरघर, मग पहाटेचा खोकला, आणि वर्षभरात मोठे झटके. ज्यांनी दमा पाहिलेला नाही त्यांना वाटतं की यात श्वास घेता येत नाही. घेता येतो. सोडता येत नाही. आत गेलेली हवा बाहेर यायचं नाव घेत नाही, आणि तिच्यावर आणखी हवा भरायची धडपड चाललेली असते. मी खिडकीचा कठडा धरून पुढे वाकून बसायचे. बोलता यायचं नाही, हे माझ्यासारखीला दुहेरी दुखणं. सासूबाई पाठ चोळायच्या आणि शेजारच्या कुणाला तरी डॉक्टरांकडे पिटाळायच्या.

डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहायचे. वयस्क, टक्कल पडलेले, कुठल्याही घरात न विचारता बसणारे. ते दंडात इंजेक्शन द्यायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचे. दहा मिनिटांत छाती मोकळी व्हायची, पण काळीज असं धडधडायचं की मला माझे ठोके कानात ऐकू यायचे. हात थरथरायचे. रोजच्यासाठी त्यांनी पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या होत्या, त्यांनीही तेच व्हायचं. आणि एक पूड होती. ती बशीत पेटवायची आणि तिचा धूर ओढायचा. शेजारपाजारी विचारायचे, आज कसली पूजा?

आधी सगळ्यांनाच वेगळी भीती होती. त्या काळी खोकणारी बाई म्हटली की लोक क्षयाचंच नाव घ्यायचे, तेही हळू आवाजात. छातीचा एक्स-रे फोटो काढून त्याचा निकाल येईपर्यंतच्या आठ दिवसांत सासूबाईंनी माझा कप आणि ताट निराळं ठेवलं. मी आतून जळत होते. फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी तसं सांगितलं त्या दुपारी सासूबाईंनी माझ्याच कपात स्वतःला चहा ओतून घेतला आणि समोर बसून प्यायल्या. माझा राग तिथल्या तिथे गेला.

क्षय नाही म्हटल्यावर सल्ल्यांना ऊत आला. डॉक्टर म्हणाले खडूची धूळ, म्हणून मी फळा ओल्या फडक्याने पुसायला लागले. मालाडच्या वैद्यांनी दही, केळं आणि काकडी बंद केली. शेजारीण म्हणाली भात वाईट. नवऱ्याच्या कचेरीतल्या कुणीतरी मासे बंद करायला सांगितले, पण सासूबाईंनी तो निरोप ऐकलाच नाही. जुहूला समुद्रावर हवा खायला जा असं एकाने सांगितलं आणि समुद्राकडे फिरकू नका असं दुसऱ्याने. रक्त तपासलं तर त्यात कसल्याशा पेशी वाढलेल्या आणि रक्त एकूणच कमी. मग इंजेक्शनांचा एक लांबलचक कोर्स झाला. दंड दुखून आले, दमा होता तिथेच राहिला.

अशात सासूबाईंनी मला सोमवार धरायला लावले.

मी तेव्हा फारशी देवभोळी नव्हते, पण घरात रोज भांडायला तेवढा श्वास नव्हता. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन शाळेत जायचं आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर उपास सोडायचा. सोमवारी मला सगळ्यात जास्त तास असायचे, त्यामुळे डोकंही हमखास दुखायचं. पहिल्याच सोमवारी मी चहाबरोबर गोळी तोंडात टाकणार तोच सासूबाईंनी हात धरला.

"उपासाला ही गोळी नाय."

"अहो, डॉक्टरांच्या गोळ्या चालतात, मग ही का नाही?"

"डॉक्टरचं औषध ते औषध. ही वाण्याकडची. तो मेला अंड्यांच्या टोपलीशेजारी गोळ्यांची बरणी ठेवतो आणि त्याच हाताने काढून देतो. मी डोळ्यांनी बघितलंय."

 वाणी खरोखरच अंडी आणि गोळ्या शेजारी शेजारी ठेवायचा. सासूबाईंनी सहाणेवर सुंठ उगाळली आणि माझ्या कपाळावर जाड लेप दिला. सुंठेने कपाळ चुरचुरत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी सबंध जगावर चिडलेली होते. पण त्या संध्याकाळी दमा उठला नाही. पुढच्या सोमवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण जिंकलेल्या माणसाचा 'बघ' होता तो. दीड महिन्यात त्यांनी गुरुवारही जोडला. गुरुवारीही सुंठच, गुरुवारीही शांतता. शनिवारचा विचार चालू आहे असं त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं. मी वाळत चालले होते. उभ्याने शिकवताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, नखं पांढरी पडली होती, आणि चार पायऱ्या चढले तरी काळीज दहा जिने चढल्यासारखं धावायचं.

मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी झटके येतच होते. एका शुक्रवारी दोन इंजेक्शनं द्यावी लागली तेव्हा डॉक्टर स्वतःच घाबरले आणि त्यांनी मला मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. आम्ही अंधेरीकर तेव्हा कोटाकडे जायचं असलं की 'मुंबईला जातो' असंच म्हणायचो. मोठ्या डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, नळीने ऐकली, कागद वाचले. माझ्याशी न बोलता ते नवऱ्याशी बोलले. दमा तीव्र स्वरूपाचा आहे, रक्त कमी आहे, हृदयावर ताण आहे. ही तिन्ही दुखणी एकमेकांना खतपाणी घालतात. मुंबईच्या दमट हवेत हिचा निभाव लागणार नाही. नोकरी सोडून कोरड्या हवेत ठेवा, निदान दोन-तीन वर्षं.

कोरडी हवा म्हणजे नाशिक, थोरल्या दिरांचं घर. परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "जीव महत्त्वाचा."

"मग तुम्हीही चला."

"माझी नोकरी?"

"आणि माझी?"

तो गाडीच्या खिडकीबाहेर बघू लागला. चांगला माणूस होता, माझ्यावर त्याचा जीव होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण त्याने मोठ्या डॉक्टरांपुढे इतक्या लवकर मान डोलवायला नको होती. महिन्यातून दोन शनिवार मी येत जाईन, असं तो म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मला माझ्या दोन खोल्या हव्या होत्या, सातवीच्या मुली हव्या होत्या, नवरा हवा होता. नाशिकला जाऊन मी बरी होईन की नाही कुणास ठाऊक, पण तिथे मी फक्त एक आजारी भावजय असणार होते. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं. दिरांचं 'अवश्य पाठवा' असं पत्र आलं. मी राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवून रोज शाळेत नेऊन परत आणू लागले.

त्या सगळ्या रागातून मी एक उद्योग केला. निदान हे उपास तरी खोटे ठरवायचे. नाशिकला जायचंच असेल तर पोटभर जेवून जाऊ, असा माझा विचार. शाळेचं वेळापत्रक आखतात तसे मी वहीच्या पानावर चौकोन आखले. वर वार, बाजूला आठवडे. नेहमीची घरघर असेल तर निळी फुली, इंजेक्शन लागलं तर लाल फुली. दोन महिने मागचं आठवून, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बघून, आणि पुढचं रोजच्या रोज. निळ्या फुल्या सगळ्या वारांत विखुरलेल्या असतील आणि लालही तशाच, याबद्दल मला शंका नव्हती.

निळ्या फुल्या तशाच होत्या. लाल मात्र नव्हत्या. सोमवारच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकही लाल फुली नाही. गुरुवारी सुरुवातीला दोन, आणि उपास सुरू झाल्यापासून एकही नाही. मी पान उलटंसुलटं करून पाहिलं. गणित शिकवणाऱ्या बाईला आपल्याच हाताने सासूचं म्हणणं सिद्ध करून द्यावं लागलं, याचा मला इतका संताप आला की ती वही मी ट्रंकेत टाकली. रविवारी सकाळी दवाखान्यात जाताना पुन्हा काढून घेतली.

सासूबाई नेहमीप्रमाणे माझ्याबरोबर आल्या होत्या. डॉक्टरांनी पान पाहिलं. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"सोमवारी तू काय खात नाहीस?"

मी सांगत गेले आणि ते चिठ्ठीवर लिहीत गेले. भात, पोळी, डाळी, मासे, कांदा, लसूण. मग एकेक घेऊन विचारायला लागले. मंगळवारी भात खाऊनही झटका आला नाही असं कधी झालंय? झालंय. भात खोडला. मासे? परवाच्या बुधवारी खाल्ले, काही झालं नाही. मासे खोडले, आणि सासूबाई बाकावर जरा सरळ होऊन बसल्या. असं करता करता चिठ्ठीवर काहीच उरलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मग आता देवाचंच नाव लिहायला हवं, वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले.

"आणि ती गोळी राहिली की," सासूबाई म्हणाल्या.

"कुठली गोळी?"

"डोकं दुखतं म्हणून घेते ती. वाण्याकडची. उपासाला मी घेऊ देत नाय."

 मग डॉक्टर माझ्याकडे वळले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "मी तुला शंभर वेळा विचारलं असेल, औषधं कुठली कुठली घेतेस म्हणून!"

"पण ती गोळी कुठे औषध आहे?" मी म्हणाले.

आजही मला हे वाक्य आठवलं की लाज वाटते आणि हसूही येतं. मी खोटं बोलत नव्हते. औषध म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं, कडू, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेल्या बाटलीतलं. पर्समधली गोळी ही रुमाल आणि पिनांच्या जातीतली वस्तू. सबंध अंधेरीत तेव्हा कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं.

डॉक्टरांनी पुन्हा वही उघडली. गोळी घेतल्याचे दिवस आठवायला लावले. शाळेतून येऊन साडेपाचला चहा, चहाबरोबर गोळी, साडेसहाला नाक वाहायला लागायचं, डोळे लाल, आणि सातच्या आत झटका. आठवेल तेवढं जुळत गेलं. मग त्यांनी विजेरी घेतली, माझं डोकं मागे केलं आणि नाकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे मी आधीच बघायला हवं होतं," ते म्हणाले. "छाती ऐकत बसलो. नाकात कुणी डोकावलंच नाही, मोठ्या डॉक्टरांनीही नाही."

दोन्ही नाकपुड्यांत सोललेल्या द्राक्षांसारखे कोंब लटकत होते. त्यांनीच नाक चोंदत होतं, वास जात होता आणि कपाळ ठणकत होतं. कपाळ ठणकलं की मी गोळी घ्यायचे. आणि काही थोड्या माणसांना, नाकात असे कोंब आणि छातीत दमा असणाऱ्यांना, नेमकी हीच गोळी विषासारखी बाधते. आधी वर्षानुवर्षं काही करत नाही आणि मग एकदम उलटते. "पुस्तकात वाचलं होतं, माणसात पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. आणि उरलेली धडधड रक्त कमी असल्याची आणि औषधांची. जिला पोटभर जेवायला हवं होतं तिला आपण उपाशी ठेवत होतो.

"पण हा माझा अंदाज आहे," त्यांनी बजावलं. "खात्री करायला गोळी देऊन बघायचं नाही, जीव जाईल. उलट बाजूने बघू. तीन आठवडे गोळी बंद. आणि उपासही बंद. सोमवार, गुरुवार, सगळे. त्या वारी काही झालं नाही आणि बाकीचे झटकेही थांबले, तर नाशिकचं मी बघून घेतो. तोवर राजीनामा देऊ नकोस."

आम्ही घरी निघालो. घराच्या फाटकाशी सासूबाई म्हणाल्या, "आणि डॉक्टर चुकले तर?"

तेव्हा मला त्यांची भीती समजली. गोळीचं काय ते डॉक्टरांना माहीत. पण सोमवारने मला वाचवलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तो एकच आधार त्यांना स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा होता, आणि तोही दुसऱ्याच दिवशी, कारण उद्याच सोमवार होता.

सोमवारी सकाळी त्यांनी भात केला. वरण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. स्वतः उपास धरला होता. "माझा मी करते, तू जेव," म्हणाल्या आणि समोर बसल्या. मी भात नुसता कालवत राहिले. मी शिकलेली, चौकोन आखणारी, पण त्या वाढलेल्या ताटासमोर मीही मनातून घाबरले होते. आज संध्याकाळी छाती भरली तर गोळी निर्दोष ठरणार होती आणि माझं नाशिक पक्कं होणार होतं. "जेव गो," त्या म्हणाल्या. मी जेवले.

शाळेत डोकं दुखलंच. घरी आले तर सुंठ उगाळून तयार. लेप लावला, चहा घेतला आणि गॅलरीत खुर्चीवर बसले. सासूबाई समोर तांदूळ निवडायला बसल्या. साडेपाच वाजले. सहा वाजले. नाक चोंदलेलं होतं, पण वाहत नव्हतं. साडेसहाला मला जरा घरघर वाटली, सासूबाईंचा हात परातीत थांबला, आणि मग ती घरघर आपोआप गेली. त्यांनी तेच तांदूळ तिसऱ्यांदा निवडायला घेतले. तबेल्यात धारा काढायची गडबड सुरू झाली होती. सात वाजले. नवरा जिना चढताना ऐकू आला, नेहमीपेक्षा भराभर. दारात आला आणि काही न विचारता माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हणाले, "बसा, चहा टाकते." एका दमात म्हणाले.

तो हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी परात बाजूला ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

"म्हणजे इतके दिस मी तुका उपाशी ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आपल्या हातान."

मी त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. सासू रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला भयंकर वाईट वाटलं. "तुम्ही गोळी घेऊ दिली नाहीत म्हणून तर हे कळलं," मी म्हणाले. "नाहीतर डॉक्टरांना सात जन्मात कळलं नसतं." हे मी त्यांची समजूत घालायला म्हणाले नव्हते, तेच खरं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि देवापुढे दिवा लावायला उठल्या. त्या दिवशी त्यांचा उपास सुटला तेव्हा आम्ही तिघं एकदमच जेवायला बसलो.

तीन आठवडे गेले. वहीत निळ्या फुल्या पडल्या, लाल एकही नाही. पुढचं थोडक्यात सांगते. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकऐवजी मी एका दवाखान्यात जाऊन नाकातले कोंब काढून घेतले. तारेच्या फासाने काढले, आणि मी पूर्ण जागी होते. त्यानंतर महिन्याभराने कोळणीची टोपली दारात उतरली आणि मला ओल्या बांगड्याचा वास आला. मी ओरडलेच. कोंब नंतर दोनदा परत आले, दोनदा काढले. रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या आणि पालेभाज्या. दमा माझ्या छातीतून कधी गेला नाही. थंडीत, धुळीत, पाहुण्यांच्या गर्दीत तो डोकं वर काढतो, मग मी दम्याची अर्धी गोळी घेते, खुर्चीवर बसून शिकवते, जिन्यात थांबते. डोकेदुखीच्या गोळीला मी पुन्हा कधी हात लावला नाही. ती मला कुणी देऊ नये, अशी चिठ्ठी पर्समध्ये असते. मोठ्या डॉक्टरांना आमच्या डॉक्टरांनी लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर काय आलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण पुढे आठवडाभर ते खुशीत होते.

राजीनामा मी फाडला तो तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी. त्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला नाशिकला पत्र लिहायला बसवलं. त्यांना वाचता यायचं, पण लिहायला वेळ लागायचा, म्हणून थोरल्या मुलाला पत्र त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. नवरा कॉटवर पडून ऐकत होता.

"लिही. अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पावलं. सून येत नाही."

मी लिहिलं. "कारण काय लिहू? सगळं नाक, गोळी वगैरे?"

"ते कशाला? त्याला काय कळणार आहे? लिही, तिचं घर इथे आहे, तिची शाळा इथे आहे. ती इथेच राहणार."

तेही लिहिलं. मला वाटलं झालं, म्हणून मी पत्ता लिहायला पत्र उलटं केलं.

"अजून नाय झाला," त्या म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या, जणू पुढचं वाक्य त्यांना कुणापुढे तरी कबूल करायचं होतं. "लिही. मी तिला आता दोन वेळ समोर बसवून जेवू घालते. ती पोटभर जेवते."

मी 'ती' लिहिलं आणि पुढे मला लिहिता येईना. कागदावरची अक्षरं दिसेनाशी झाली होती.

"थांबलंस कित्याक?" त्या म्हणाल्या. "लिही."